शवागारातून उठलेला पायलट, आणि त्याला उस्ताद भेटल्यावर काय झालं (इंद्रलाल रॉय, १९१८)

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांकडून लढलेला भारतीय पायलट इंद्रलाल रॉय, त्याच्याबद्दल कुठेही वाचायला घ्या, पहिली येते ती शवागाराची गोष्ट. डिसेंबर १९१७, फ्रान्स, विमान कोसळलेलं, पायलट बेशुद्ध, मेलाय असं समजून त्याला हॉस्पिटलच्या शवागारात प्रेतांच्या रांगेत ठेवून दिलं आणि काही वेळाने आतून दार ठोकल्याचा आवाज. आत हा पोरगा, शाळेत शिकलेल्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये ओरडतोय. राखणदाराची अशी काही तंतरली की सोबतीला माणसं आल्याशिवाय त्याने दार उघडलंच नाही म्हणतात. पोराचं वय तेव्हा १९ वर्षं आणि ४ दिवस.

गोष्ट भारी आहे, नाही कशाला म्हणू. पण नोंद बघितली तर एकदम कोरडी: ६ डिसेंबर १९१७, इंजिन बंद पडलं, उतरताना अपघात, पायलट जखमी. आणि ही गोष्ट सांगून झाली की सगळेजण धाडकन पुढच्या वाक्यावर उडी मारतात, की मग त्याने जुलै १९१८ मध्ये तेरा दिवसांत दहा जर्मन विमानं पाडली आणि तो भारताचा पहिला फ्लाइंग एस झाला (एस म्हणजे पाच किंवा जास्त विमानं पाडलेला). मधले सहा महिने कुठे गेले? जो पायलट नोव्हेंबरमध्ये धड उतरू शकत नव्हता तो जुलैमध्ये एका सकाळी तीन विमानं पाडतो, हे काय आपोआप झालं का? मला या केसमध्ये इंटरेस्ट आहे तो इथे.

आधी माणूस. जन्म २ डिसेंबर १८९८, कोलकाता. घराणं मूळ बारिसालकडचं, लाकुटियाचे जमीनदार, आता ते बांगलादेशात आहे. वडील पी. एल. रॉय बॅरिस्टर, कोलकात्यात सरकारी वकिलांमधलं मोठं पद. आई ललिता रॉय मुलांना घेऊन लंडनला येऊन राहिलेली, आणि ही बाई पण काही साधी नव्हती, १७ जून १९११ ला लंडनमध्ये मताधिकारासाठी बायकांची जी प्रचंड मिरवणूक निघाली तिच्यात भारतीय बायकांचा गट उभा करणाऱ्यांत ती होती. मोठा भाऊ परेशलाल, तोही पहिल्या महायुद्धात लढला आणि पुढे त्यालाच भारतीय बॉक्सिंगचा जनक म्हणायला लागले. इंद्रलाल लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत. घरचे आणि मित्र त्याला 'लॅडी' म्हणायचे. ऑक्सफर्डची स्कॉलरशिप मिळवलेली, म्हणजे आरामात वकील किंवा आयसीएस होता आलं असतं.

याला उडायचं होतं. रॉयल फ्लाइंग कोअरने (ब्रिटिश लष्कराचं तेव्हाचं हवाई दल) नापास केलं, कारण नजर कमजोर. तर याने स्वतःची मोटारसायकल विकली, आलेल्या पैशांतून इंग्लंडच्या एका नावाजलेल्या डोळ्यांच्या डॉक्टरची फी भरली, दुसरं मत आणलं आणि निकाल फिरवून घेतला. अठरा वर्षांच्या पोराने मोटारसायकल विकणं म्हणजे काय ते ज्याने त्या वयात गाडीवर जीव टाकलाय त्याला सांगायला नको.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या, त्या काळात भारतीय माणसाला लष्करात ऑफिसर म्हणून कमिशन मिळणं म्हणजे जवळजवळ बंद दरवाजा. फ्लाइंग कोअरमध्ये लढाऊ पायलट म्हणून शिरलेले भारतीय एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हरदित सिंग मलिक, जे पगडीवर बसेल असं खास मोठं हेल्मेट करून घेऊन सॉपविथ कॅमल हे लढाऊ विमान उडवायचे आणि पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले. एरॉल सेन, जो १९१७ मध्ये जर्मनांच्या हाती कैदी म्हणून सापडला. आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर, २३ स्क्वाड्रनमधले (स्क्वाड्रन म्हणजे विमानांची तुकडी), जे जून १९१८ मध्ये गेले आणि ज्यांचं नाव इथे फारसं कुणाला माहीतही नसतं. आणि हा लॅडी.

आता तारखा बघा, कारण सगळी केस तारखांमध्ये आहे. एप्रिल १९१७ मध्ये कॅडेट म्हणून भरती, ५ जुलैला सेकंड लेफ्टनंट, ३० ऑक्टोबरला थेट ५६ स्क्वाड्रन. म्हणजे सात महिनेसुद्धा झाले नव्हते. आणि ५६ स्क्वाड्रन म्हणजे कुठलंही स्क्वाड्रन नव्हे, अल्बर्ट बॉल, जेम्स मॅककडन हे ब्रिटिशांचे नावाजलेले एस तिथले, आदल्याच महिन्यात याच लोकांनी वर्नर फॉस नावाच्या जर्मन एसला एकट्याने सात-आठ जणांशी झुंजताना पाडलेलं. रॉयला मिळाला कॅप्टन रिचर्ड मेबरीचा ए फ्लाइट (फ्लाइट म्हणजे स्क्वाड्रनमधला छोटा गट). शाळेतून नुकत्या बाहेर पडलेल्या मुलाला डायरेक्ट रणजी फायनलला उतरवलं तर काय होईल? तेच झालं. एका आठवड्यात, ६ नोव्हेंबरला, त्याने विमान आदळलं. परत इंग्लंडला, आणखी ट्रेनिंग. परत फ्रान्सला आला आणि ६ डिसेंबरला तो शवागारवाला अपघात.

इथे त्याला ढ म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण एस.ई.५ए या विमानात एकटा माणूस काय काय करत असायचा ते बघा. लाकडी सांगाडा, वरून कापड, पुढे २०० हॉर्सपॉवरचं इंजिन, वेग ताशी साधारण २२० किलोमीटर. दोन मशिनगन. एक विकर्स, जी फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या सोडते, पात्याला गोळी लागू नये म्हणून इंजिनला जोडलेली यंत्रणा असते. दुसरी लुईस, वरच्या पंखावर एका वाकड्या रुळावर बसवलेली. तिचं गोळ्यांचं ड्रम ९७ गोळ्यांचं, दाबून धरलं तर काही सेकंदांत खलास. मग करायचं काय, तर स्टिक (विमान वळवायचा दांडा) दोन गुडघ्यांत धरायची, हात वर करून ती गन रुळावरून आपल्याकडे ओढायची, अंगावर वाऱ्याचा मारा चालू असताना रिकामं ड्रम काढायचं, जड हातमोज्यांनी नवीन बसवायचं, गन परत वर ढकलायची, आणि हे सगळं करताना मान चारी बाजूंना फिरती ठेवायची कारण मागून कुणीतरी येत असणारच. यातून कधी इंजिन दगा देईल ते वेगळंच. इंजिनने मोठमोठ्यांना सोडलं नाही, ५७ विमानं पाडलेला मॅककडन ९ जुलै १९१८ ला गेला तो लढाईत नाही, इंजिन बंद पडून कोसळला. त्यामुळे डिसेंबरच्या त्या अपघाताचं खापर पोराच्या डोक्यावर फोडायला माझं मन होत नाही.

मेबरी रॉयच्या अपघातानंतर तेरा दिवसांनी, १९ डिसेंबरला मारला गेला. रॉय धडधाकट असता तर बहुतेक त्याच फ्लाइटमध्ये असता. म्हणजे ज्याला आपण दुर्दैव म्हणतोय त्या अपघाताने त्याला तो हिवाळा दिला, असंही म्हणता येईल.

बरा होताना त्याने काय केलं? चित्रं काढली. वहीत विमानंच विमानं, त्यांतली बरीच स्केचेस आजही शिल्लक आहेत. याकडे सगळे 'कलाकार मनाचा वीर' वगैरे म्हणून बघतात, मला मात्र त्यात एक मुलगा दिसतो जो विमान मनातल्या मनात फिरवून बघतोय, पंख कुठल्या कोनातून कसा दिसतो, शेपूट कुठे झाकली जाते. हा माझा तर्क, पण हवेत समोरचं विमान आपलं की परकं आणि परकं असेल तर कुठलं, हे क्षणात ओळखणं यावर तेव्हा जीव अवलंबून असायचा, आणि ज्याने शंभर वेळा एखादा आकार कागदावर उतरवलाय त्याचा डोळा तयार होतोच. तेही कमजोर म्हणून नापास केलेला डोळा!

डॉक्टरांनी उडायला अनफिट ठरवलं होतं. पठ्ठ्याने वरिष्ठांच्या मागे लागून लागून ते पण फिरवलं. दुसऱ्यांदा.

दरम्यान १ एप्रिल १९१८ ला फ्लाइंग कोअर आणि नौदलाचं हवाई दल एकत्र करून रॉयल एअर फोर्स झालं होतं. १९ जून १९१८ ला रॉय फ्रान्समध्ये ४० स्क्वाड्रनला हजर झाला, विमान तेच एस.ई.५ए, आणि फ्लाइट कमांडर मिळाला कॅप्टन जॉर्ज मॅकएलरॉय. डब्लिनजवळच्या डॉनिब्रुकचा आयरिश माणूस. तोही नुकताच दुखणं काढून आलेला, एप्रिलमध्ये उतरताना झाडाच्या शेंड्याला विमान घासून पडला होता आणि जूनमध्येच जुन्या स्क्वाड्रनला परतला होता. म्हणजे दोघेही उतरताना आपटलेले! जमणारच.

मॅकएलरॉयची स्वतःची कहाणी बघितली तर रॉयची केस अर्धी तिथेच उलगडते. ऑगस्ट १९१७ मध्ये तो ४० स्क्वाड्रनला आला आणि पुढचे चार महिने एकही विमान पाडलं नाही. शून्य. पहिलं पाडलं ते २८ डिसेंबरला. या चार महिन्यांत त्याला हाताशी धरून शिकवणारा होता मिक मॅनॉक, ब्रिटिशांच्या सगळ्यात मोठ्या एसेसपैकी एक. मॅनॉकच्या डाव्या डोळ्याला धड दिसत नाही अशी तेव्हापासून वदंता, खरी-खोटी यावर लोक अजून भांडतात, पण नजरेपायी नापास झालेल्या रॉयच्या उस्तादाचा उस्ताद असा निघावा याची मला गंमत वाटते. मॅनॉक शूरपणा गाजवणाऱ्यांतला नव्हता, हिशेबी होता. त्याचा नियम सगळ्या नव्या पोरांना पाठ असायचा: नेहमी वर राहा, बरोबरीच्या उंचीवर क्वचितच, खाली कधीच नाही. आधी स्वतः विमान जवळजवळ पाडायचं आणि शेवटचा घाव नवीन पोराला घालू द्यायचा, म्हणजे त्याची भीड चेपते, अशीही त्याची ख्याती.

आता रॉयच्या यादीकडे बघा. ६ जुलैला पहिलं विमान, हॅनोव्हर. ८ जुलैला चार तासांत तीन, दोन हॅनोव्हर आणि एक फोकर डी-७. १३ जुलैला दोन, एक हॅनोव्हर आणि एक फाल्झ. १५ जुलैला दोन फोकर डी-७. १८ ला एक डीएफडब्ल्यू, १९ ला कान्यिकूरजवळ शेवटचं हॅनोव्हर. दहापैकी सहा (हॅनोव्हर आणि डीएफडब्ल्यू) दोन-सीटर, म्हणजे पायलटच्या मागे एक गनर बसलेला.

'मग काय, सोपी शिकार' असं कुणी म्हणेल. नाही हो. हॅनोव्हर हे दोन-सीटर असूनही आकाराने इतकं आटोपशीर की लांबून एकट्या पायलटचं फायटर वाटायचं, त्याची शेपूट मुद्दाम दुमजली आणि आखूड केलेली म्हणजे मागच्या गनरला गोळ्या झाडायला जास्त मोकळी जागा. फायटर समजून मागून बिनधास्त गेलात की गनर तुम्हाला उभा फाडणार. अशा विमानाला मारायचं तर ते ओळखायला हवं आणि खालून-मागून, जिथे गनरची गन वळत नाही त्या पट्टीत शिरायला हवं, आणि तिथपर्यंत पोचायला आधी उंचीवर असायला हवं. हे नुसत्या डेअरिंगने जमत नाही, हे कुणीतरी शिकवावं लागतं. आणि सैन्याच्या दृष्टीने दोन-सीटरच महत्त्वाचं, तोफांना नेम सांगणं आणि खंदकांचे फोटो काढणं ही कामं तेच करायचं, फायटर तर त्यांच्या राखणीला असायचे.

मला म्हणूनच 'तेरा दिवसांचा चमत्कार' हा शब्दप्रयोग खटकतो. १९ जून ते ६ जुलै, सतरा दिवस त्याच्या खात्यावर काहीही नाही. त्या सतरा दिवसांत तो मॅकएलरॉयच्या मागे उडत होता. पहिल्या खेपेला असा वेळ त्याला मिळालाच नव्हता, आठवड्यात तो बाहेर.

हिशेबाची एक गंमत सांगून पुढे जातो. मरणोत्तर डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, शौर्याचं पदक) मिळालं, सप्टेंबर १९१८ मध्ये, हे पदक मिळालेला तो पहिला भारतीय. त्याच्या मानपत्रात लिहिलंय की या धाडसी आणि निश्चयी अधिकाऱ्याने तेरा दिवसांत शत्रूची नऊ विमानं निकालात काढली. नऊ. आणि आज सगळीकडे दहा. शिवाय ६ ते १९ जुलै बोटांवर मोजा, चौदा दिवस भरतात. यात लबाडी कुणाचीच नाही. तेव्हा ब्रिटिश मोजणीत 'नष्ट' आणि 'ताबा सुटून खाली गेलं' असे वेगळे प्रकार असायचे, दुसऱ्यात विमान गरगरत ढगात गेलं की खात्यावर जमा, मग तो जर्मन खाली सावरून घरी जाऊन जेवला असला तरी चालतंय. आणि एकत्र पाडलेलं विमान दोघातिघांच्या खात्यात जायचं, रॉयची दोन तशी आहेत. त्यामुळे त्या काळातल्या कुठल्याही एसचा आकडा बघताना जीएसटी बिल बघतोय असं बघू नये.

२२ जुलै १९१८. कारव्हाँ गावावर, जर्मनांच्या बाजूला, यास्टा २९ या जर्मन स्क्वाड्रनच्या फोकर डी-७ विमानांशी गाठ पडली आणि त्या डॉगफाइटमध्ये रॉय पडला. वय १९ वर्षं ७ महिने. शेवटच्या विजयानंतर तीनच दिवस.

समोर फोकर डी-७ होतं हे विसरू नका. ते १९१८ च्या वसंतात आघाडीवर आलं आणि नवशिक्या पायलटलासुद्धा चांगला पायलट करून टाकायचं अशी त्याची कीर्ती होती, नाक वर करून जणू पंख्यावर लटकून खालून गोळ्या झाडायचं, म्हणजे 'वर राहा' हा मॅनॉकचा नियमसुद्धा त्याच्यापुढे थोडा कमी पडायचा. नोव्हेंबरमध्ये युद्धबंदीचा करार झाला तेव्हा जर्मनांनी काय काय सोपवायचं त्या कलमात या विमानाचं नाव घालून मागणी होती, यावरून समजा. दुसरं म्हणजे वारा. त्या भागात वारा बहुतेक पश्चिमेकडून, आणि ब्रिटिशांचं धोरण असं की गस्त घालायची ती शत्रूच्या डोक्यावर जाऊन घालायची, त्यामुळे लढता लढता विमान आणखी आत ढकललं जायचं आणि परतताना वाऱ्याला तोंड देत यायचं. जखमी इंजिन घेऊन घर गाठणं जर्मनाला सोपं, ब्रिटिशाला अवघड.

आणि तिसरं, ज्याचा मला खरोखर राग येतो. पॅराशूट नव्हतं. १९१८ च्या उन्हाळ्यात जर्मन पायलट पॅराशूट वापरायला लागले होते, त्यांचा मोठा एस एर्न्स्ट उडेट जूनच्या शेवटी त्याच्याच जोरावर वाचला आणि पुढे कित्येक वर्षं जगला. ब्रिटिशांनी बलूनमधल्या निरीक्षकांना पॅराशूट दिलं पण विमानाच्या पायलटला युद्ध संपेपर्यंत दिलं नाही. कापड आणि लाकडाचं विमान, पुढ्यात पेट्रोलची टाकी, हवेत पेट घेतला तर पर्याय दोनच, जळा नाहीतर उडी मारा. मॅनॉक स्वतःजवळ पिस्तूल ठेवायचा, कशासाठी ते त्याने मित्रांना उघड सांगून ठेवलं होतं.

रॉयची कबर फ्रान्समध्ये एस्तव्हेलच्या गावातल्या स्मशानभूमीत आहे. तिच्यावर बंगालीत कोरलंय, महावीराची समाधी, आदर दाखवा, स्पर्श करू नका. कोलकात्यात भवानीपूरला त्याच्या नावाचा रस्ता आहे, आणि १९९८ मध्ये जन्मशताब्दीला पोस्टाने तिकीट काढलं.

रॉय पडल्यानंतर चारच दिवसांनी, २६ जुलैला, मॅनॉक गेला. पाडलेल्या जर्मन विमानाच्या मागे खाली खाली गेला आणि जमिनीवरून आलेल्या गोळ्यांनी त्याचं विमान पेटलं. मॅकएलरॉयला तो कायम बजावायचा, पडणाऱ्याच्या मागे खाली जाऊ नकोस, खालचे पायदळवाले तुला टिपतील. ३१ जुलैला सकाळी मॅकएलरॉय एकटाच उडाला, लावांतीच्या बाजूला शेवटचा दिसला. खात्यावर ४७ विमानं. नंतर जर्मनांनीच चिठ्ठी टाकून कळवलं, जमिनीवरच्या गोळीबारात पडला म्हणून.